आधीचा आकडा

दुआर्ते सार्मेंतूला त्या हंगामात आणखी एकच सामना खेळायचा होता. बचावफळीत मधोमध उभा राहणारा हा बत्तीस वर्षांचा पोर्तुगीज खेळाडू पेनिश नावाच्या मासेमारीच्या गावातून निघाला आणि तेरा वर्षांत सायप्रस, पोलंड असे थांबे घेत नेदरलँड्समधल्या दुसऱ्या श्रेणीच्या एका लहान क्लबात येऊन टेकला. एकूण सामने तीनशे अकरा. त्यांतला एकही कोणत्याही देशाच्या पहिल्या श्रेणीतला नाही. यंदा क्लब वरच्या श्रेणीत जाणार हे जवळजवळ ठरल्यासारखे होते. करारातले कलम साधे होते. हंगामात पंचवीस सामने खेळला, तर पुढचे वर्ष आपोआप पक्के. त्याचे चोवीस झाले होते, आणि चोविसाव्यात, कॉर्नरच्या वेळी उडी मारताना, प्रतिस्पर्ध्याचे कोपर त्याच्या कानशिलावर बसले होते.

त्याला आता अकरा दिवस झाले होते. पुढचा सामना शुक्रवारी होता. त्याने तो खेळावा की नाही हे सांगणारा कागद शलाका सबनीसच्या टेबलावर होता, आणि त्यावर अजून सही झालेली नव्हती.

शलाका आठवड्यातून दोन दिवस, बुधवारी आणि गुरुवारी, क्लबात येत असे. पुण्यात तिने मानसशास्त्राची पदवी घेतली होती. विनायकला नायमेखनच्या एका चिप कंपनीत नोकरी लागली तेव्हा ती त्याच्यामागून इथे आली. कागदोपत्री 'सोबत आलेली पत्नी' म्हणून. पहिली चार वर्षे भाषेत गेली, पुढची पाच मेंदूच्या दुखापतींवरच्या डॉक्टरेटमध्ये. क्लबातले तिचे काम थोडक्यात सांगता येण्याजोगे होते. नव्या खेळाडूची संगणकावर चाळीस मिनिटांची चाचणी घ्यायची: स्मरण, लक्ष, प्रतिसादाचा वेग. त्यातून एक आकडा निघे. तो बेसलाइन. खेळाडूच्या डोक्याला मार बसला की काही दिवसांनी, वेगळ्या प्रश्नांच्या दुसऱ्या नमुन्याने, तीच चाचणी पुन्हा घ्यायची. नंतरचा आकडा आधीच्या आकड्याला टेकत नाही, तोवर मैदान बंद.

प्रशिक्षकाचे "मला तो ठीक वाटतो" हे तिच्या दृष्टीने पुराव्यात मोडत नसे. खेळाडूचे "मला बरं वाटतंय" हे तर त्याहून नाही. ती गणपतीला दर वर्षी मोदक करायची, पण त्याच्याकडे काही मागायची नाही. आणि क्लबात सामन्याच्या दिवशी डावा मोजा आधी चढवणाऱ्या गोलकीपरला तिने एकदा शांतपणे विचारले होते, की उजवा आधी चढवलेल्या सामन्यांची नोंद त्याने ठेवली आहे का.

दुआर्तेचा आधीचा आकडा एकसष्ट होता. मंगळवारी तिच्या सहायकाने घेतलेल्या चाचणीत बासष्ट आला.

बुधवारी सकाळी दुआर्ते दारातूनच म्हणाला, "काय दोतोरा, पास?"

डॉक्टरेट झालेल्या बाईला पोर्तुगालमध्ये दोतोरा म्हणतात. सबंध क्लबात तिला तिच्या पदवीने हाक मारणारा तो एकटाच होता. बाकीचे सगळे, अगदी सतरा वर्षांचे खेळाडूसुद्धा, 'शला' म्हणत.

"आकडा बरोबर आहे," ती म्हणाली. "डोकं दुखतं?"

"माझं डोकं दुखायला त्यात काहीतरी असावं लागेल."

"झोप?"

"बाळासारखी. दर दोन तासांनी उठतो आणि रडतो." तो हसला. मग दाराच्या चौकटीवर हात ठेवून, न हसता म्हणाला, "एक मॅच, दोतोरा. मग पुढच्या वर्षी वरच्या लीगमध्ये. माझी आई सामने बघत नाही, तिला भीती वाटते. पण तो बघीन म्हणाली."

"उद्या दुपारी बारापर्यंत क्लबच्या डॉक्टरांना कळवीन," शलाका म्हणाली. सहीला काहीच हरकत नव्हती. तिने ती तेव्हाच केली नाही, कारण जेवणापूर्वी ती कशावरच सही करत नसे. हा नियम तिने स्वतःच स्वतःला घालून दिला होता, आणि त्यामागे थकलेल्या माणसांच्या निर्णयांवरचा एक चांगला अभ्यास होता.

जेवून परतताना ती किटच्या खोलीवरून गेली. तिथे खेरित, क्लबाचे कपडे आणि बूट सांभाळणारा साठीचा माणूस, धुवायच्या मोज्यांतून मनगटाच्या चिकटपट्ट्या सोडवत बसला होता. मशीनच्या गाळणीत त्या अडकतात म्हणून त्याची रोजची कुरकुर असे.

"हे बघ," त्याने एक पांढरी पट्टी तिच्यापुढे धरली. "आता हे पण. शाई सगळ्या कपड्यांना लागते."

पट्टीवर निळ्या पेनाने बारीक अक्षरांत लिहिले होते: नऊ – जवळचा खांब. चार – खोटी धाव. सहा – माझा.

"कोणाची आहे?"

"दुआर्तेची. कॉर्नरला कोण कुठे पळतो ते. फेब्रुवारीपासून चाललंय हे." खेरितने पट्टी कचऱ्यात टाकली. "पूर्वी याला कागद लागायचा नाही. समोरच्या टीमची व्हिडिओ एकदा बघायचा, की अकरा जणांची कुंडली तयार. आम्ही त्याला 'आर्खीफ' म्हणायचो. चालतंबोलतं दप्तर. तुला सांगतो, या खोलीतल्या चोवीस जणांच्या बुटांचे नंबर त्याला पाठ होते. मला नाहीत. माझं ते काम आहे, तरी नाहीत."

"पाठ होते म्हणजे? तू तपासलंस कधी?"

"अगं, गेल्या वर्षी केक लावून पैज झाली होती. चोवीसपैकी चोवीस! केक मी दिला."

शलाका आपल्या खोलीत आली आणि तिने कागद ड्रॉवरमध्ये ठेवला. एकसष्ट या आकड्याचा अर्थ तिला नीट ठाऊक होता. त्याच्या वयाच्या खेळाडूंची सरासरी ब्याऐंशी होती. एकसष्ट म्हणजे ज्याला ऐकलेल्या बारा शब्दांपैकी वीस मिनिटांनी चार आठवतात असा माणूस. तो चोवीस जणांच्या बुटांचे नंबर सांगत नाही.

संध्याकाळी जेवताना तिने विनायकला विचारले, नाव न घेता.

"बुटांचे नंबर काय, चाळीस ते सेहेचाळीस," विनायक पोळीचा तुकडा मोडत म्हणाला. "अंदाजपंचे निम्मे बरोबर येतील."

"निम्मेसुद्धा येणार नाहीत. आणि त्याला चोवीस आले."

"मग तुझी टेस्ट चुकली."

"टेस्ट नाही चुकली." ती उठून लॅपटॉप घेऊन आली. मुलीने जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप आणलेला ती चालवून घेत नसे. विनायकने भुवया उंचावल्या.

दोन वर्षांपूर्वीच्या जुलैतली मूळ फाइल तिने उघडली. नुसता आकडा नव्हे, एकेका प्रश्नाचे उत्तर आणि त्याला लागलेला वेळ. सोप्या प्रश्नांत चुका होत्या. अवघडांतले बरेच बरोबर होते. ज्याला खरोखर जमत नाही त्याचे अवघड आधी चुकते. उलटा क्रम मेंदूत नसतो, इराद्यात असतो. सॉफ्टवेअरलाही हे कळले होते. पानाच्या वरच्या कोपऱ्यात लाल चौकोन होता: प्रयत्न शंकास्पद, चाचणी पुन्हा घ्यावी. आणि त्याच्या खाली, तिच्या स्वतःच्या शब्दांत, तिच्या आद्याक्षरांसह: भाषा आणि मर्यादित शालेय शिक्षण यांचा परिणाम. गुण ग्राह्य.

तो दिवस तिला आठवला. दुआर्ते हेडफोन लावून बसला होता, आणि "माझं इंग्लिश एवढंसंच, दोतोरा," असे म्हणत त्याने दोन बोटांत चिमूटभर अंतर दाखवले होते. शाळा नववीपर्यंत. ते ऐकून तिला स्वतःची डच भाषेची पहिली परीक्षा आठवली होती: असेच हेडफोन, पडद्यावर उलटी मोजणारे सेकंद, आणि वाचून होण्याआधी नाहीसे होणारे प्रश्न. ती त्यात नापास झाली होती, आणि निकालाच्या पत्रात तिच्या आकलनाला 'प्राथमिक' म्हटले होते. हे असले सॉफ्टवेअर आपल्यासारख्यांसाठी बनवलेलेच नसते, असे तिला त्या जुलैत वाटले होते. लाल चौकोन तिने सहानुभूतीने पुसला होता. ती सहानुभूती खरी होती, हेच आता सगळ्यात वाईट होते.

"तुझ्या जागी एखादी डच बाई असती तर?" विनायकने विचारले.

"तिने परत घेतली असती," शलाका म्हणाली. "तिला त्याची दया आली नसती."

गुरुवारी सकाळी नऊला तिने दुआर्तेला बोलावले. त्याने आत येऊन खुर्ची उलटी फिरवली आणि खुर्चीच्या पाठीवर कोपरे टेकून बसला.

"दोन वर्षांपूर्वी तू मुद्दाम चुकीची उत्तरं दिलीस," ती म्हणाली.

त्याने नाकारले असते तर तिला सोपे गेले असते. त्याने खांदे उडवले.

"सगळेच देतात. सायप्रसला आमचा एक म्हातारा डिफेंडर होता, चौतीस वर्षांचा. त्यानं पहिल्याच दिवशी शिकवलं. पहिल्या टेस्टला गाढव व्हायचं. मग डोकं आपटलं तरी गाढवाएवढे मार्क पडतातच."

"सगळे देत नाहीत. आणि जे देतात ते सापडतात."

"मी नाही सापडलो."

शलाकाने हातातले पेन खाली ठेवले.

"मला वाटलं होतं, तुम्ही परत बसवाल," तो म्हणाला. आता त्याचा स्वर बदलला होता. "खरं सांगतो. इतका वाईट पेपर दिला मी, की माझं मलाच हसू येत होतं. शेवटी शेवटी तर निळा चौकोन दिसला की लाल बटण दाबत होतो. म्हटलं, दोतोरा आता कान पकडणार. तुम्ही 'धन्यवाद' म्हणालात. मला पाणी दिलंत." त्याने मान वर केली. "मी इतका मठ्ठ वाटलो तुम्हाला?"

याला उत्तर होते, आणि ते त्याला देणे भाग होते. "हो," ती म्हणाली. "तुझं शिक्षण कमी, भाषा परकी, म्हणून तुला तेवढंच येत असेल असं मी धरलं. मशीन नाही म्हणत होतं. मी त्याचं ऐकलं नाही."

दुआर्तेने मान हलवली. राग त्याच्या चेहऱ्यावर येऊन गेला, पण थांबला नाही. त्याला त्यापेक्षा निकडीचे काम होते. "ठीक. दोघंही चुकलो. फिट्टंफाट. आता सही करा. एक मॅच. शेवटची दहा मिनिटं उतरवतील, तेवढं पुरतं. मी एकही हेडर घेणार नाही, शपथ."

"मंगळवारी," शलाका म्हणाली, "तेव्हाही मुद्दाम चुकत होतास का?"

तो खुर्चीच्या पाठीवरची शिवण नखाने उकरू लागला.

"दुआर्ते, हे एवढंच सांग. मंगळवारी मुद्दाम चुकला असशील, तर मी आत्ता तुझी खरी चाचणी घेईन, आणि ती चांगली आली तर मी स्वतः डॉक्टरांकडे जाईन. माझी चूक कबूल करीन, तुझीही सांगेन, आणि तुझ्यासाठी भांडेन."

हे तिने मनापासून म्हटले होते. आदल्या रात्रीपासून ती याच एका शक्यतेला धरून होती. तो फसवत असेल, तर तो शाबूत होता.

दुआर्तेने खुर्चीच्या पाठीवरची कोपरे काढून घेतली. "मंगळवारी मी ठरवून गेलो होतो," तो सावकाश म्हणाला. "फार चांगलं करायचं नाही. आधीएवढंच. नाहीतर संशय येतो. पण सुरुवात तरी नीट करू, मग नंतर नंतर चुकत जाऊ, असा हिशेब. म्हणून सुरुवातीला खरं खेळलो." त्याने हाताचा तळवा कपाळावरून फिरवला. "मग चुकायची वेळ आलीच नाही, दोतोरा. मला मुद्दाम काही करावंच लागलं नाही."

खाली मैदानावर सराव सुरू झाला होता. प्रशिक्षकाची शिट्टी आणि कोणाच्या तरी नावाचा पुकारा काचेतून ऐकू येत होता.

तरीही तिने चाचणी घेतली. एका कबुलीवरून निष्कर्ष काढणे तिच्या शिस्तीत बसत नव्हते, आणि कदाचित तिला आणखी चाळीस मिनिटे हवी होती. तिसरा नमुना उघडला, सगळ्या सूचना पोर्तुगीजमध्ये लावल्या. ही सोय दोन वर्षांपूर्वीही होती. दुआर्ते पुढे झुकून बसला, पेनल्टीसमोर उभ्या असलेल्या माणसासारखा. त्याच्या ओठांवर शब्द हलत होते. मध्येच त्याने डोळे घट्ट मिटले. प्रयत्नाबद्दल शंका घ्यायला कुठेच जागा नव्हती. सोपे प्रश्न बरोबर आले आणि अवघड चुकत गेले, क्रमाने, पुस्तकात दाखवतात तसे.

त्रेसष्ट.

"दोनने वाढला!" तो म्हणाला, आणि मग त्याने तिच्याकडे पाहिले.

"एकसष्ट म्हणजे तू गाढवाचं सोंग घेतलं होतंस," ती म्हणाली. "त्रेसष्ट म्हणजे तू जीव तोडून दिलेली परीक्षा."

त्याला ते समजायला थोडा वेळ लागला. किती वेळ, हे तिने मोजले नाही.

"जानेवारीत पण एकदा लागलं होतं," तो म्हणाला. "सरावात. सांगितलं नाही कोणाला. त्याच्यानंतर पट्टीवर लिहायला लागलो." मग त्याने विचारले, "किती गेलं?"

"काय?"

"माझं. आधी किती होतं, आता किती आहे? वजाबाकी करा ना. तुमचं काम आहे ते."

"आधीचा आकडा माझ्याकडे नाही, दुआर्ते."

"अंदाजानं?"

"सत्तर असेल. नव्वद असेल. मला माहीत नाही, आणि आता ते कोणालाच कधी कळणार नाही. तो एक दिवस होता, त्या जुलैतला, जेव्हा मोजता आलं असतं. तू खोटं दिलंस, मी खरं मानलं."

त्याने एकदा खिडकीकडे पाहिले. मग अचानक बोटे मोडत, मोठ्याने नावे सांगू लागला. त्याचा पहिला व्यावसायिक सामना, पोर्तुगालच्या दुसऱ्या श्रेणीतला, तेरा वर्षांपूर्वीचा. सुरुवातीचे अकरा खेळाडू. गोलकीपरपासून पुढे, जागेसकट, न अडखळता. अकरावे नाव स्वतःचे घेऊन त्याने तिच्याकडे पाहिले. "हे बघा. सगळे आहेत. लिहून घ्या, तपासा." आणि ती लिहून घेईपर्यंत तो थांबला.

पावणेबाराला शलाकाने क्लबच्या डॉक्टरांना पत्र पाठवले. बेसलाइन अवैध, तुलना अशक्य, खेळण्यास परवानगी नाही, मेंदूरोगतज्ज्ञाकडे पाठवावे. शेवटच्या परिच्छेदात, अवैध ठरण्याचे कारण म्हणून, तिने आपल्या टिपणीची तारीख आणि शब्द जसेच्या तसे दिले होते.

शुक्रवारी क्लब जिंकला. दुआर्ते प्रेक्षकांत बसला होता, अंगात साधे जाकीट. तीन आठवड्यांनी तज्ज्ञांचा अहवाल आला. तो दीड पानांचा होता, आणि त्यातले शेवटचे, खेळणे कायमचे थांबवावे असे सांगणारे वाक्य सोडले तर बाकीचे कोणी वाचण्याची गरज नव्हती. हंगामाअखेर मैदानावर झालेल्या निरोपात त्याला चोवीस क्रमांकाचा शर्ट चौकटीत घालून दिला. तो त्याचा क्रमांक नव्हता. त्या हंगामात त्याने खेळलेल्या सामन्यांचा आकडा कोणीतरी हौसेने छापून घेतला होता. त्याने तो डोक्यावर धरून दाखवला आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. शलाकाला एका बैठकीत बोलावले गेले, तिथे कोणी आवाज चढवला नाही, आणि लाल चौकोन आल्यास चाचणी पुन्हा घेणे सक्तीचे करणारा नियम झाला. त्याचा मसुदा तिनेच लिहिला.

जूनमधल्या एका रविवारी दुपारी ती बाल्कनीत कपडे वाळत घालत असताना पेनिशहून मेसेज आला.

'दोतोरा, ती अकरा नावं. तुम्ही तपासली असणार, मला ठाऊक आहे. किती?'

तिने ती त्याच दिवशी तपासली होती. जुन्या सामन्यांच्या नोंदी इंटरनेटवर असतात. अकरापैकी नऊ बरोबर होती. तेरा वर्षांनंतर नऊ हे चांगले की वाईट, ते तिला ठरवता आले नव्हते. स्वतःच्या वर्गातल्या अकरा जणी आठवायचा प्रयत्न करून तिला सातच आठवल्या होत्या. त्यावरूनही काही सिद्ध होत नव्हते. खोटे सांगायचा विचार तिच्या मनात आला. तो किती वेळ टिकला याचे तिला नंतर आश्चर्य वाटले.

'नऊ,' तिने लिहिले. 'गोलकीपर वेगळा होता. आणि डाव्या बाजूला तू ब्रूनो म्हणालास, तिथे रुई काल्देइरा होता.'

तिने उरलेले कपडे वाळत घातले, चिमटे लावले. मग फोन वाजला.

'गोलकीपर कोणीही विसरेल. पण रुई इथेच राहतो, दोन गल्ल्या सोडून. थांबा, विचारतो त्याला.'

आणि दहा मिनिटांनी:

'रुई म्हणतो, काल तो माझ्याकडे जेवायला होता आणि आम्ही त्याच मॅचबद्दल बोलत होतो.'

शलाका ओल्या हातांनी खुर्चीवर बसली. काही लिहिले, पुसले. रुग्णाच्या सांगण्यावर यापुढे विसंबता येत नाही असे ठरले, की तिच्या व्यवसायात एक गोष्ट ठरलेली असते: त्याच्याऐवजी त्याच्या जवळच्या माणसाला विचारायचे. ती तिने आजवर अनेकांच्या बाबतीत विनासंकोच केली होती.

'दुआर्ते,' तिने लिहिले, 'मला रुईचा नंबर देशील का?'